चामड्यावरची बुरशी आणि तिच्यावरचे औषध

(शिरगाव येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या समारंभात शिक्षणावर बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र आज बूट, चपला, पट्टे आणि पाकिटे यांच्याविषयी बोलणार आहे. पावसाळ्यात शिरगावातले कोणतेही बंद कपाट उघडा आणि ईदला घालून नंतर खोक्यात ठेवून दिलेले बूट बाहेर काढा. त्यांच्यावर पांढुरकी हिरवी लव धरलेली दिसेल. फडक्याने पुसली तरी चार दिवसांनी ती पुन्हा हजर. अलीकडे या लवेवर उपाय म्हणून जंतुरोधक लेप दिलेली पादत्राणे, पिशव्या आणि फवाऱ्याच्या बाटल्या बाजारात आल्या आहेत. खोक्यावर ‘ॲंटिमायक्रोबियल’ असा भारदस्त शब्द छापलेला असतो आणि त्या शब्दापायी गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते. तो लेप कोणाला मारतो आणि कोणाला त्रास देतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आपल्या मुलांपैकी काही जण उद्या अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांत, काही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, तर काही धारावीच्या चामड्याच्या कामात रोजगार शोधतील. म्हणजे हा लेप विकत घेणारे जसे आपण, तसे तो ढवळणारे आणि फासणारे हातही आपलेच असणार. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम चामडे म्हणजे काय ते पाहू. जनावराचे कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. ओले कातडे तसेच पडू दिले तर जीवाणू काही तासांतच ते कुजवू लागतात. कमावणे म्हणजे त्या तंतूंना एकमेकांशी असे बांधून टाकणे की जीवाणूंना ते सहजासहजी पचू नयेत. दबागत केल्याने कातडे पाक होते, हा फिक्हमधला नियम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. जुन्या अरबस्तानात दबागतीला ‘करज’ वापरीत. हे करज बाभळीच्याच कुळातल्या झाडाचे. आणि आपल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने कशात कमावतात? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात! दोन मुलखांतल्या कारागिरांनी एकमेकांना न विचारता एकाच झाडाला हात घातला, कारण त्यात टॅनिन भरपूर असते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे दुर्गंधीचे आणि कष्टाचे काम ढोर समाजाने केले आणि त्या चामड्याला आकार दिला चर्मकार समाजाने. ज्यांच्या हातचे जोडे सर्वांनी वापरले त्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, हेही येथे सांगितले पाहिजे. पाण्याची पखाल, घोड्याचे खोगीर, कुराणशरीफची बांधणी, सारे या हातांवरच उभे होते.

दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली घेतले. आज बुटांच्या वरच्या भागाचे बहुतेक चामडे याच पद्धतीने कमावलेले असते, कारण महिन्यांचे काम दिवसांवर येते आणि चामडे उष्णतेलाही अधिक टिकते. धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चामडे कमावण्याचे कारखाने होते आणि त्यांत तामिळनाडूतून आलेल्या मुस्लिम कुटुंबांचा मोठा वाटा होता. ते कारखाने आता जवळजवळ गेले. धारावीत आज उरले आहे ते मुख्यतः तयार चामड्यापासून पिशव्या, पाकिटे, पट्टे आणि जाकिटे शिवण्याचे काम. चामडे येते चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. कमावलेले चामडे नासत नाही, असे आपण धरून चालतो. जीवाणूंच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे, बुरशीच्या बाबतीत नाही. जे टॅनिन जीवाणूंना दूर ठेवते तेच काही बुरशींचे खाद्य आहे. व्हान टीगेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६७ सालीच दाखवून दिले की टॅनिनच्या द्रावणावर बुरशी वाढते आणि त्याचे विघटन करते. ज्या द्रव्याने ती हे करते त्याला टॅनेज म्हणतात. अॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी आणि पेनिसिलियम ही हिरवी, या दोघी चामड्यावर हमखास भेटतात. शिवाय चामडे मऊ राहावे म्हणून त्यात तेल मुरवलेले असते आणि वरून चकाकीसाठी कधी केसीनसारखे प्रथिन लावलेले असते. बुरशीच्या दृष्टीने हे वाढलेले ताटच! हवेत तिचे बीजाणू सदैव असतात. कमी असतो तो फक्त ओलावा. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७० टक्क्यांवर काही दिवस टिकली की बीजाणू रुजतात, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ साली इटलीतल्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानला मिरवल्या आणि त्यावरून मोठी ओरड झाली. पण ती मानाची चपल आमच्या उल्हास नदीकाठच्या पावसात आठ दिवस दाराशी ठेवा, बुरशी कोणाचेही मानांकन पाहत नाही.

येथे आयाबहिणींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चामडे कडक होऊ नये म्हणून पावसाळ्याआधी बुटांना, पट्ट्यांना खोबरेल चोळून ठेवण्याची अनेक घरांत पद्धत आहे. कोरड्या मुलखात ते ठीक. आपल्या हवेत ते बुरशीला आपण होऊन दिलेले जेवण ठरते. डांबरगोळ्यांचेही तसेच. त्या किडीसाठी आहेत, बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नये. आणि काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची जन्मजात उणीव असते, त्यांना डांबरगोळ्यांच्या वाफेने किंवा चुकून गिळल्याने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. तेव्हा लहान मुलांचे कपडे ठेवता त्या कपाटात तरी त्या नकोत.

आता औषधाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि न्यूगिनीच्या दमट जंगलांत सैनिकांचे बूट आणि पट्टे बुरशीने खराब होऊ लागले, तेव्हा चामड्याच्या बुरशीचा प्रश्न सरकारांनी प्रथम गांभीर्याने घेतला. पॅरानायट्रोफेनॉल हे पिवळे रसायन लष्करी चामड्यात घालू लागले. मग आले पेंटाक्लोरोफेनॉल. स्वस्त आणि जालीम. त्याने बुरशी मरे यात शंका नव्हती, पण ते माणसाच्या त्वचेतून आत शिरे, यकृताला अपाय करी आणि मातीत-पाण्यात वर्षानुवर्षे राही. जर्मनीने १९८९ साली त्यावर बंदी घातली आणि आपल्या चामड्याच्या निर्यातदारांचे धाबे दणाणले, कारण त्यांचा मोठा माल जर्मनीला जात असे. जे रसायन आपल्या कामगारांच्या हातांवर इतकी वर्षे चालले ते परदेशी गिऱ्हाइकाच्या पायावर चालेना, तेव्हा कोठे ते बदलले. बदलले हे बरेच झाले. पण कोणाच्या त्वचेमुळे बदलले ते ध्यानात ठेवावे.

याहून बोलकी हकिकत सोफ्यांची आहे. २००७-०८ च्या सुमारास फिनलंड, ब्रिटन, फ्रान्स, स्वीडन अशा देशांत डॉक्टरांकडे चमत्कारिक रोगी येऊ लागले. पाठ, मांड्या, कंबर, दंडांची मागची बाजू येथे भाजल्यासारखे लाल चट्टे, असह्य खाज, आणि कोणतेही मलम लागू पडेना. काही जणांना जंतुसंसर्ग समजून, काहींना खरूज समजून औषधे दिली गेली. चट्टे नेमके तेथेच, जेथे माणूस बसल्यावर शरीर टेकते. मग दुवा लागला. या लोकांनी चीनमध्ये बनलेले नवे चामड्याचे सोफे किंवा खुर्च्या घेतल्या होत्या आणि त्यांच्या आत, अस्तराखाली, लहान लहान पुड्या ठेवलेल्या होत्या. समुद्रप्रवासात आणि गोदामात चामड्याला बुरशी येऊ नये म्हणून! पुड्यांत होते डायमिथाइल फ्युमरेट. त्याची पांढरी भुकटी खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन उडते. अंगाच्या उबेने ती वाफ अधिक उठली, चामड्यात आणि कपड्यांतून त्वचेत मुरली. पुढे काही बुटांतही हेच सापडले. गंमत अशी की हेच रसायन डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोटातून दिले तर सोरायसिसवर औषध ठरते. युरोपीय संघाने २००९ साली नियम केला की एक किलो मालात ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक डायमिथाइल फ्युमरेट असता कामा नये. ब्रिटनमध्ये २०१० साली पीडितांना सुमारे २ कोटी पौंडांच्या भरपाईचा मार्ग मोकळा झाला.

माझ्या मनात मात्र येतात ते त्या पुड्या भरणारे कामगार. सोफ्यावर संध्याकाळी दोन तास बसणाऱ्याची कातडी भाजली, तर दिवसभर हाताने पुड्या कोंबणाऱ्याचे काय होत असेल? म्हणून उद्या आपल्यापैकी कोणाला घरबसल्या पुड्या भरण्याचे किंवा लेप फासण्याचे काम मिळाले तर मजुरीचा दर विचारण्याआधी डब्यावरचे रसायनाचे नाव विचारावे. त्या रसायनाचे सुरक्षापत्रक मालकाकडे असते, असायला हवे. आपली दहावी-बारावी झालेली मुले ते वाचून आईवडिलांना समजावू शकतात. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग मला सुचत नाही.

आजचे लेप या जुन्या विषांपेक्षा पुष्कळ सौम्य आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे साधारण दोन प्रकार पडतात. पहिल्यात औषध लेपामध्ये नुसते मिसळलेले असते आणि ओलावा लागला की थोडेथोडे सुटत राहते. चांदीचे सूक्ष्म कण असलेले लेप या जातीचे. चांदीचा आयन जंतूच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडतो. ऑक्टिल आयसोथायाझोलिनोनसारखी बुरशीनाशकेही याच वर्गातली, आणि ती काही लोकांच्या त्वचेला वावडी असतात. दुसऱ्या प्रकारात औषधाचा रेणू चामड्याच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने जखडलेला असतो. तो सुटत नाही, जंतू अंगाशी आला तरच त्याच्या पेशीच्या आवरणाला इजा करतो. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेले कायटोसान हे या दोन प्रकारांच्या मधोमध बसते. आपल्या कोकण किनाऱ्यावर जी टरफले उकिरड्यावर जातात त्यांपासून असे काही निघते, हे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फार पूर्वी करून दाखवले आहे.

या लेपांची परीक्षा कशी घेतात ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगतो. काचेच्या बशीत अगरची जेली ओततात, तिच्यावर बुरशीचे बीजाणू पसरतात आणि मधे लेप दिलेल्या चामड्याचा तुकडा ठेवतात. काही दिवसांनी सारी बशी बुरशीने भरते, पण तुकड्याभोवती एक स्वच्छ कडे राहते. जाहिरातीत हे कडे मोठ्या अभिमानाने छापतात. जेवढे रुंद तेवढा माल उत्तम! आता नीट विचार करा. तुकड्यापासून दूरवरची बुरशी का वाढली नाही? औषध तुकड्यातून सुटून जेलीत पसरले म्हणून. म्हणजे रुंद कडे हा औषध जालीम असण्याचा जसा पुरावा, तसा ते चामड्यात न राहण्याचाही पुरावा आहे. बशीत ते जेलीत पसरते; बुटात ते घामात उतरेल, मोज्यात जाईल, कातडीला लागेल. चांगल्या बांधलेल्या लेपाभोवती कडे जवळजवळ नसते, फक्त तुकड्यावर बुरशी चढत नाही. ज्या मालाचे कडे पाहून आपण भुलतो त्याच्याविषयीच अधिक चौकशी करावी असा हा उलटा न्याय आहे. मधुमेही माणसाने तर विशेष. त्याच्या पायाला बधिरता असते, पुरळ उठले तरी लवकर कळत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. लेप असतो बाहेरून, चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर. बुरशी बहुधा सुरू होते आतून, म्हणजे खरखरीत मांसबाजूला, अस्तराच्या कापडात, शिवणीच्या दोऱ्यात, तळाच्या पुठ्ठ्यात. तेथे लेप पोचलेलाच नसतो. शिवाय बूट जेथे रोज वाकतो तेथे लेपाला बारीक चिरा पडतात. सारांश, बाहेर रंगवलेले आणि आत ओल असलेले घर जसे, तसाच तो बूट. आणि जे औषध धुऊन निघते ते जाते कोठे? गटारातून वालधुनी, उल्हास या नद्यांत. बदलापूरच्या बंधाऱ्याचे पाणी आपण पितो. नदीतल्या घाणीचे विघटन करणारे जीवाणू हेदेखील जंतूच आहेत, चांदीला चांगला-वाईट हा भेद कळत नाही. एका बुटाने नदी बिघडत नाही, हे खरे. पण आपल्या नद्यांच्या अंगावर आधीच काय काय घातले आहे ते या तालुक्यात कोणाला सांगायला नको.

पुष्कळदा तर ज्याला आपण चामडे म्हणतो ते चामडे नसतेच. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेले प्लॅस्टिक. स्वस्तातल्या ‘पीयू लेदर’च्या पर्सचे पापुद्रे दोन पावसाळ्यांत सुटू लागतात, तेव्हा लोक बुरशीला शिव्या देतात. तो दोष बुरशीचा नसून हवेतल्या ओलाव्याने त्या प्लॅस्टिकचे बंध तुटण्याचा असतो. त्यावर कोणताही जंतुरोधक फवारा मारणे व्यर्थ आहे.

मग घरी करायचे काय? बुरशी आलेली वस्तू घराबाहेर नेऊन ब्रशने झाडा, दम्याच्या माणसाजवळ मुळीच नको. सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन, आधी कोपऱ्यात रंग जातो का पाहून, फडक्याने आतून-बाहेरून पुसा. मग सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ चामडे आखडते, झाडपाल्याच्या टॅनिनचे तर लवकरच. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते दोनदा बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट बांधून ठेवू नका, कापडी पिशवी चालेल. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, त्या विष नसून फक्त पाणी शोषतात, मात्र निळ्या रंगाच्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असू शकतो, तो मुलांच्या हाती नको. आणि पुडीवर नाव-गाव काहीच नसेल तर ती सिलिका समजून खोक्यात ठेवू नका, फेकून द्या. पूर्वी घरात चूल असे, माळ्यावरच्या वस्तूंना धूर आणि ऊब लागे. त्या धुरात बुरशीला नको असलेली द्रव्ये असतात. अर्थात त्या धुराने आयांची फुप्फुसे खराब झाली, म्हणून चूल परत आणा असे मी म्हणत नाही. आपल्याकडे पूरही येतो. २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तेही ताजे आहे. पुरात भिजलेले चामडे गाळ सुकण्याआधीच स्वच्छ पाण्याने धुवावे, मग वरीलप्रमाणे वाळवावे. गाळ वाळला की चामड्यातच बसतो.

शेवटी संस्थेच्या आस्थेचा एक विषय. कुर्बानीची कातडी मदरशांना, शाळांना देण्याची आपली जुनी पद्धत आहे. त्या पैशातून गरीब मुलांची पुस्तके, फी, वसतिगृहाचा खर्च भागत असे. अलीकडे कातड्यांचे भाव इतके पडले आहेत की काही ठिकाणी ती उचलायलाही कोणी येत नाही. भाव आपल्या हातात नाही. पण कातडे चांगले ठेवणे आपल्या हातात आहे, आणि नासके कातडे तर फुकटही कोणी घेत नाही. २०१६ पासून २०२५ पर्यंत प्रत्येक बकरी ईद जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमकी पावसाळी हवेत आली. अशा हवेत दुपारपर्यंत ढिगात पडलेले कातडे संध्याकाळी केस सोडू लागते, आणि केस सुटले म्हणजे जीवाणूंनी काम सुरू केले.

चामड्याच्या व्यवहारातला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त जंतुरोधक लेप म्हणजे मीठ. कातडे निघाल्यापासून चार तासांच्या आत, चरबी आणि मांसाचे तुकडे खरवडून, पाण्याने रक्त धुऊन, पाणी निथळू द्यावे. मग मांसबाजू वर करून छपराखाली उतरत्या जमिनीवर पसरावे आणि वजनाच्या सुमारे ४० टक्के जाडे मीठ कडेपर्यंत चोळावे. बकऱ्याचे कातडे दोन किलोचे धरले तर पाऊण ते एक किलो मीठ झाले. मानेच्या आणि पायांच्या घड्या उघडून तेथे विशेष चोळावे, कुजणे तेथूनच सुरू होते. एकावर एक रचताना मधून सुटणारे पाणी वाहून जायला वाट ठेवावी. ते खारे पाणी विहिरीकडे किंवा झाडांच्या मुळाशी सोडू नये. स्वयंसेवकांना रबरी हातमोजे द्यावेत. आणि मीठ दोन दिवस आधी पोत्याने आणून ठेवावे. ईदच्या दिवशी नमाजनंतर शोधायला निघाल्यास एक दुकान उघडे सापडत नाही.